मखरातली रोषणाई आणि तिसरा प्रश्न

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात भिवंडीच्या तीनबत्ती बाजारातून चालायचे म्हणजे डोक्यावर लोंबणाऱ्या दिव्यांच्या माळा बाजूला सारतच पुढे जावे लागते. गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारते: केवढ्याला, आणि किती प्रकारे लागते? तारेत किती व्होल्ट असतात, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जीव मात्र त्यावरच अवलंबून असतो.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरे लाकूड, पुठ्ठा, कागद, कापडाची होऊ लागली. भिवंडीत कापडाला काय तोटा! पण यातली प्रत्येक वस्तू पेट घेते (थर्माकोलही घेतच होते म्हणा). शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाची तूस माळेवर बसते ती वेगळीच. मखर म्हणजे तीन बाजूंनी बंद खोके. आत उष्णता कोंडते, जवळ समई, पुढे कलश, पाणी शिंपडलेल्या दूर्वा आणि पूजेचे ओले हात.

स्वस्त माळेत पुष्कळदा दाब कमी करणारा अडॅप्टर नसतो. बारीक एलईडी एकापुढे एक जोडून थेट २३० व्होल्टच्या प्लगला लावलेले असतात. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला तीनेक व्होल्टच येतात, म्हणून माळ निरुपद्रवी वाटते. पण तार सोललेल्या जागी बोट लागले आणि पाय ओल्या फरशीवर असले, तर जवळपास पूर्ण दाब शरीरावर येऊ शकतो.

कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. ओल्या अंगाचा विरोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० ला हजाराने भागा, उत्तर येते २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे जात नाही. अशा वेळी घरातला एमसीबी पडत नाही. तो सहा, दहा, सोळा अँपिअरचा असतो आणि वायरिंग वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो असेल तर मखर उभारण्याआधी त्यावरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम हातात आल्या, तर तोही भरवशाचा नाही.

म्हणून मखरात १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि चांगला अडॅप्टर, हीच निवड योग्य. अडॅप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक पाहावा. मग थोडे गणित. मीटरला १४.४ वॉटची पाच मीटर पट्टी ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर घेते. तिला ६ चा नव्हे, ८ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा. तो मखराबाहेर, कापडापासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. उरलेली पट्टी गुंडाळी करून पेटती ठेवू नये, ती तापते. रात्री झोपताना रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करावी.

लखलखाटाचेही भान हवे. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप काही जणांत फिट आणू शकते. मिरगीच्या शंभर रुग्णांत साधारण तिघे प्रकाशाला असे संवेदनशील असतात, त्यांत मुले आणि किशोर जास्त. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा झगमगाट दिसला आणि सुमारे सातशे जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. घरात कुणाला मिरगी असेल तर माळ स्थिरच ठेवावी. विसर्जनानंतर तीच पट्टी मुलाच्या गेमिंगच्या टेबलामागे चिकटते, तिथेही हाच नियम. चमचमाटाने अस्वस्थ वाटले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. नुसते डोळे मिटणे पुरत नाही. फिट आलीच तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावे, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.

शॉक लागलेल्याला आधी हात लावू नये, मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. माणूस लगेच उठून बसला, “काही नाही, जरासा झटका बसला” म्हणाला, तरी छातीत धडधड किंवा चक्कर असेल, हात भाजला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आरती पुढे ढकलून त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा.