पुण्यातील वाड्यांचे पाडकाम

पुण्याच्या जुन्या पेठांतील लाकडी सांगाड्याचे, माती-विटांचे वाडे उतरवून नव्या इमारतीसाठी जागा मोकळी करण्याच्या प्रक्रियेस वाड्यांचे पाडकाम असे म्हणतात. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार आदी पेठांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे काम सातत्याने चालू आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे एका दिवसात कोसळले. मातीत रचलेली भिंत बराच काळ पाण्यात राहिली की विरघळते, हे त्यामागचे साधे कारण होय. तेव्हापासून मोकळ्या झालेल्या जागांवर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहू लागल्या.

मराठीत कौले आणि लाकूड ‘उतरवतात’, भिंत मात्र ‘पाडतात’. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कामाचा क्रमही त्यातच सांगितलेला आहे.

रचना

वाडा कसा उतरवावा हे तो कसा बांधला आहे यावर अवलंबून असते. घडीव दगडाच्या जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, अशी ही रचना असते. कड्या व फळ्यांच्या या तक्तपोशीस कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधील अंतरास खण असे नाव असून घराचा आकार खणांतच मोजला जाई. कडीपाटावर मातीचा जाड थर पसरून वरच्या मजल्याची जमीन केलेली असते. बाहेरच्या भिंती रुंद असतात. त्यांच्या दर्शनी बाजूस वीट व आत माती-दगडांचा भराव आढळतो.

या रचनेत दोन धोके दडलेले असतात. तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते ते ओल व वाळवी यांमुळे आतल्या आत कुजते. खोलीत उभे राहून पाहणाऱ्यास तुळई धडधाकट दिसते. दुसरा धोका मातीच्या थराचा. गळक्या छपरातून पावसाचे पाणी त्यात मुरले की त्याचे वजन फार वाढते. त्यामुळे पावसाळ्यात वाडा उतरवणे शक्यतो टाळावे लागते.

कायदेशीर बाजू

पेठांतील बहुतेक वाड्यांत मालकाबरोबर भाडेकरू राहत आले आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली गेल्यामुळे मालकास दुरुस्ती परवडेनाशी झाली, आणि भाडेकरूस जागा सोडणे परवडेनासे झाले. वाड्यांच्या दुरवस्थेचे खापर एकट्या मालकावर किंवा एकट्या भाडेकरूवर फोडणे म्हणूनच न्याय्य ठरत नाही.

सध्या लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार पाडून नवे बांधण्यासाठी मालक जागेचा ताबा मागू शकतो. परंतु पुरेसा पैसा हाती आहे, नकाशे व अंदाजपत्रक तयार आहेत आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देण्याची हमी दिलेली आहे, याविषयी न्यायालयाची खात्री पटावी लागते. याहून वेगळा मार्ग धोकादायक इमारतीचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये आयुक्त अशी इमारत दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश देऊ शकतात. इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. महापालिकेने इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरार संपुष्टात येत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीचाही असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

हक्क टिकला तरी पुरावा टिकतोच असे नाही. भिंती गेल्यावर कोणाची खोली किती लांब-रुंद होती हे सांगणारे काहीच उरत नाही. म्हणून पहिले कौल निघण्यापूर्वी मालक व भाडेकरू यांनी मिळून प्रत्येक खोलीची मोजणी करावी, तिच्या नकाशावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. शेजारच्या वाड्याशी असलेली समाईक भिंत व तिच्यावरील तडेही याच वेळी नोंदवावेत.

बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याच्या प्रश्नावरील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने तो वाडा पाडला.

उतरवण्याचा क्रम

बांधताना जे शेवटी चढले ते उतरवताना आधी निघते. वीज व पाण्याच्या जोडण्या तोडून झाल्या की कौले, मग रीपा, वासे आणि आढे काढतात. त्यानंतर वरच्या मजल्यावरील माती खरवडून खाली सोडतात. ती दूर केल्याशिवाय कडीपाटास हात लावत नाहीत. राडारोडा खालच्या मजल्यावर साठू देणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण मुळातच कमकुवत झालेल्या तुळया त्या भाराने मोडतात. कड्या निघाल्यावर भिंतींचा आधार जातो, म्हणून भिंत लगेच थराथराने उतरवावी लागते. एकटी उभी राहिलेली उंच भिंत पायात धक्का देऊन आडवी करण्याचा मोह आवरणे इष्ट. अरुंद बोळात ती कोणत्या बाजूस पडेल याचा भरवसा नसतो. पाडकामातील सुरक्षिततेविषयी भारतीय मानक ४१३० उपलब्ध असून वरून खाली जाण्याचाच क्रम त्यातही सांगितला आहे.

निघालेला माल

जुन्या सागवानास चांगली किंमत येते. त्यामुळे पाडकामाचा ठेकेदार मजुरी मागण्याऐवजी बरेचदा मालकालाच काही रक्कम देऊन माल उचलतो. चुन्यात रचलेली वीट अखंड सुटते. सिमेंटमधील वीट सहसा फुटते. खांब, महिरपी, नक्षीदार दरवाजे सुटे विकले जातात आणि कोणत्या वाड्यातील होते ही ओळख तेथेच पुसली जाते. तुकड्यांवर क्रमांक घालून, जागा नोंदवून उतरवलेली वास्तू मात्र पुन्हा उभी करता येते. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष अशाच रीतीने शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून जोडलेले आहेत. विटा-मातीच्या उरलेल्या राड्यारोड्याची विल्हेवाट नियमांनुसार वर्गीकरण करून लावावी लागते. नदीपात्रात तो टाकण्यास मनाई आहे.

जमिनीखालचे अवशेष

जोते उकरताना आड, हौद व बळदे सापडतात. पेशवेकाळात कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी अनेक हौदांत खेळवलेले होते. राडारोड्याने घाईघाईत बुजवलेला आड पुढे खचतो आणि नव्या पायास त्रास देतो. म्हणून त्याची जागा नकाशावर दाखवून तो नीट थर ठोकून भरतात किंवा बांधून राखतात. क्वचित नाण्यांचे हंडे मिळतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही दहा रुपयांची मर्यादा मूळ कायद्यातील आहे.