परताव्याची पट्टी आणि कोकणची रेल्वे

(लेखमाला : सभागृह आणि प्रदेश, लेखांक 6)

मागच्या दोन लेखांकांत आपण आमदार निधी आणि जिल्हा नियोजन समिती पाहिली. शाळाखोली, साकव, पाण्याची टाकी, स्मशानभूमीची शेड ही कामे त्या वाटेने मार्गी लागतात. पण काही मागण्या कुठल्याच निधीत मावत नाहीत. त्यांना लागणारा पैसा जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचा असतो, त्या पुऱ्या व्हायला लागणारा काळ पाच वर्षांच्या मुदतीत बसत नाही, आणि ‘हे परवडणार नाही’ असा शेरा फाइलवर आधीच पडलेला असतो. अशा वेळी प्रतिनिधीच्या हातात काय उरते, हे समजून घ्यायला कोकण रेल्वेसारखे दुसरे उदाहरण मला तरी महाराष्ट्रात सापडत नाही.

आधी रेल्वे येण्यापूर्वीचे कोकण आठवावे लागेल. मुंबईच्या गिरण्यांत कोकणची माणसे आणि गावाकडे त्यांच्या मनिऑर्डरीवर चालणारी घरे, हा तिथला व्यवहार होता. गावी जायचे तर भाऊच्या धक्क्यावरून बोट, नाहीतर घाटातून एसटी. लांब पल्ल्याची बोट पावसाळ्यात बंद, आणि शेतीच्या कामाला माणूस हवा तो नेमका पावसाळ्यातच. समुद्राची वाट किती जिवावरची होती ते 17 जुलै 1947 ने दाखवले होते. जवळच्या रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या मुंबईहून 1853 मध्ये ठाण्यापर्यंत देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, त्याच मुंबईला मनगटे पुरवणारा किनारा त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे रुळांवाचून राहिला.

या भागाचा राजापूर मतदारसंघ 1957 मध्ये बॅरिस्टर नाथ पै यांच्याकडे आला. ते वेंगुर्ल्याचे, प्रजा समाजवादी पक्षाचे. लोकसभेत त्यांची ओळख घटनेचा अभ्यासक आणि अमोघ वक्ता अशी झाली, पण कोकण रेल्वेचा विषय त्यांनी सोडला नाही. त्या काळी खासदाराला यासाठी एक हक्काची जागा होती. 1924 पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जाई, आणि त्यावरची चर्चा म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींनी आपापल्या भागातली लाइन, स्टेशन, पूल, गाडी यांवर बोलायचे दिवस. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. मागणीतून फक्त शंभर रुपये कमी करावेत असे सुचवायचे आणि त्या आधारे आपली तक्रार सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घ्यायची. शंभर रुपये कोणी कापत नाही, पण मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते छापले जाते. पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन पुन्हा उभे राहता येते. 2017 पासून रेल्वे अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला. रेल्वेच्या मागण्यांवर आजही चर्चा होते, पण लहान प्रदेशांचे त्यात नुकसान झाले असे माझे मत आहे.

मात्र नुसत्या चिकाटीने रूळ पडले नसते, कारण अडचण वेगळीच होती. नव्या मार्गाचा विचार करताना रेल्वे पहिल्यांदा पाहते ती घातलेल्या पैशावरचा परतावा. किती माल मिळेल, किती उतारू मिळतील, खर्च किती वर्षांत वसूल होईल. कोकणच्या बाबतीत हे गणित दोन्ही बाजूंनी उलटे पडे. डोंगर, खाड्या, नद्या आणि मुसळधार पाऊस यांमुळे दर किलोमीटरचा खर्च प्रचंड, आणि कारखाने नसल्यामुळे माल नाही. कारखाने का नाहीत, तर वाहतूक नाही म्हणून. या चक्रात अडकलेला प्रदेश परताव्याच्या पट्टीने मोजला, की उत्तर कायम नकारच येणार. पनवेलपासून पुढे रूळ 1966 पर्यंत आपट्याला पोहोचले ते जवळच्या रसायनीच्या उद्योगांसाठी. जिथे माल आधीच तयार होता तिथे रेल्वे गेली. आपट्याच्या दक्षिणेची माणसे मोजणीत आली नाहीत.

जानेवारी 1971 मध्ये बेळगावात नाथ पै यांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत राजापूरने प्रा. मधू दंडवते यांना निवडून दिले. ते जन्माने नगरचे, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, म्हणजे कोकणाला तसे परकेच. पण मतदारसंघाने त्यांना सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले. 1977 मध्ये जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले, आणि तेव्हा त्यांच्यासमोर उभा राहिलेला पेच प्रत्येक लोकप्रतिनिधीने अभ्यासावा असा आहे. कालपर्यंत मागणारा माणूस आज देणारा झाला. सगळा पैसा आपल्या मतदारसंघाकडे वळवला असता तर कोकणाने डोक्यावर घेतले असते, पण देशातल्या प्रत्येक मागास भागाने विचारले असते, की आम्ही काय पाप केले?

दंडवत्यांनी देशासाठी जे केले ते वर्गभेद मोडणारे होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली, 1974 च्या संपात कामावरून काढलेले कामगार परत घेतले गेले, डिसेंबर 1977 मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली, ती पहिल्या वर्गावाचून. कोकणासाठी त्यांच्या काळात जमले ते आपटा-रोहा एवढेच. तेवढ्या टप्प्यासाठी वाहतुकीचा आधार दाखवता येत होता. तो पुरा व्हायला 1986 उजाडले. मोठ्या मागणीचा असा एक तुकडा पदरात पाडून घेणे मला महत्त्वाचे वाटते. कागदावरचा प्रकल्प कुठलेही सरकार बासनात गुंडाळू शकते. रोह्यापर्यंत आलेले रूळ मात्र दिसतात, आणि ‘पुढे का नाही?’ हा प्रश्न तेच विचारत राहतात.

खरी कलाटणी 1989 च्या डिसेंबरनंतर आली. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री, आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे. फर्नांडिस जन्माने मंगळूरचे, हेगडे कर्नाटकचे, दंडवते राजापूरचे खासदार. एवढा योग जुळूनही रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीतून पैसा निघण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी तिजोरीच वेगळी उभी केली. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भांडवलात 51 टक्के वाटा रेल्वेचा, 22 टक्के महाराष्ट्राचा, 15 टक्के कर्नाटकाचा, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6 टक्के. उरलेल्या पैशासाठी बाजारात रोखे काढले. ज्यांना ही रेल्वे हवी होती त्या राज्यांनी खर्चाची जोखीमही उचलली, त्यामुळे ‘इतरांचे पैसे कोकणाला का?’ हा आक्षेप पुष्कळसा बोथट झाला. पट्टी बदलली ती इथे. भाषणातून जे साधले नव्हते ते भागधारकांच्या करारातून साधले.

पुढची कहाणी अभियंत्यांची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर मार्ग तयार झाला. नव्वदहून अधिक बोगदे, त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा पानवल पूल 64 मीटर उंच. हजारो खातेदारांची जमीन गेली. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून मोठे आंदोलन झाले आणि काम अडले. 26 जानेवारी 1998 रोजी मार्ग सलग सुरू झाला. नाथ पै यांना जाऊन तोवर सत्तावीस वर्षे झाली होती.

त्या वेगळ्या तिजोरीची किंमतही मोजावी लागली. कर्ज फेडायचे तर वसुली हवी, म्हणून या मार्गावर भाडे आकारताना प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरले गेले. म्हणजे मागास भागातल्या उतारूने वाढीव भाडे भरून स्वतःची रेल्वे फेडली. पावसात दरडी कोसळल्या. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळच्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर सुरक्षेवर खर्च वाढला आणि पावसाळ्यात गाड्या सावकाश धावू लागल्या. उद्योगांचे म्हणाल, तर ज्या आशेवर ही मागणी उभी होती ती पुरी झाली असे मला म्हणवत नाही. हापूस आजही बहुतांश ट्रकनेच वाशीला जातो. ट्रकच रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सेवा 1999 मध्ये कोलाड-वेर्णा मार्गावर सुरू झाली, ती उपयोगी आहे, पण तिचा मोठा लाभ लांब पल्ल्याच्या मालाला मिळतो. चिपळूणच्या किंवा कुडाळच्या लहान उद्योजकाला आपले दोन टन काजूगर किंवा मासळी सहज गाडीवर चढवता यावी, यासाठी गोदाम, शीतगृह आणि वेळेवर मिळणारी वाघीण लागते. रूळ मागणारे प्रतिनिधी कोकणाला मिळाले. धक्क्यावरच्या या साध्या सोयी मागणारे त्या तोडीचे नंतर मिळाले नाहीत.

आता पुन्हा एक वळण आले आहे. विद्युतीकरण 2022 मध्ये पुरे झाले. दुहेरी मार्ग मात्र 2021 मध्ये झालेला रोहा ते वीर एवढाच मोठा टप्पा, बाकी बहुतेक ठिकाणी एकेरी रुळावर गाड्या एकमेकींची वाट पाहत उभ्या राहतात. गणपतीत ज्यादा गाड्या सोडायच्या तर जागाच नाही. महामंडळ असल्यामुळे रेल्वेच्या अर्थसंकल्पातला पैसा इथे सरळ येत नाही, आणि स्वतःच्या कमाईत दुहेरीकरण झेपत नाही. ज्या रचनेने मार्ग झाला तीच आता त्याची वाढ अडवते आहे. म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचा विषय निघाला, आणि 2025 मध्ये महाराष्ट्रानेही ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याच्या अटीवर संमती दिली.

मला हे विलीनीकरण योग्य वाटते. पण त्यानंतर कोकण पुन्हा त्याच परताव्याच्या पट्टीसमोर उभे राहील, आणि या वेळी शेजारी राज्यांचा वाटा पाठीशी नसेल. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खासदारांनी नावापेक्षा वेगळ्या गोष्टी लेखी मागाव्यात : वीरच्या पुढचे दुहेरीकरण कोणत्या वर्षी, कोणत्या टप्प्यात? वाढीव किलोमीटरचे भाडे कधी बंद? अनारक्षित डबे किती? आणि मालाच्या सोयी कोणत्या स्टेशनांवर? तारांकित प्रश्नाला मिळालेल्या उत्तरात मंत्र्याने ‘करू’ म्हटले, तर त्या शब्दाचा पाठपुरावा करणारी समिती संसदेत आणि विधिमंडळातही असते. ती आश्वासन समिती कशी चालते, आणि साध्या मतदाराला तिचा उपयोग कसा करून घेता येतो, हे पुढच्या लेखांकात पाहू.