पोटखराबा जमीन आणि आंबोलीचा भेक

सात-बाराच्या उताऱ्यावरील 'पोटखराबा' हा शब्द आमच्या शेतकरी बंधूंस नवा नाहीं. खडक, ओढा, खाचखळगा असें जें लागवडीस निरुपयोगी क्षेत्र, तें या सदराखालीं मांडिलें जातें. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं हे आंकडे वर्षानुवर्षें उतरून घेतले, आणि त्या जागेंत मोलाचें कांहीं नसतें, असेंच मानीत आलों. ही समजूत किती अपुरी होती, तें सह्याद्रीवरील एका लहानशा जीवाची हकीकत वाचून आमच्या ध्यानीं आलें.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यांत आंबोली हें घाटमाथ्यावरील गांव समुद्रसपाटीपासून सुमारें 700 मीटर उंचीवर आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर बेडकाच्या वर्गांतील एक भेक राहतो. त्याच्या कुशींवर वाघासारखे पिवळे पट्टे असल्यामुळें शास्त्रज्ञांनीं त्यास 'झँथोफ्रायनी टायगेरिना' असें नांव दिलें. त्याचें शास्त्रीय वर्णन 2009 सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा जवळचा भाऊबंद कोयनेकडील असून त्याचें वर्णन 1963 सालीं झालेलें आहे.

पावसाळ्याच्या आरंभीं सड्यावरील खळग्यांत बोट-दोन बोटें पाणी सांचतें. आपण ज्यास डबकें म्हणूनही गणणार नाहीं, अशा त्या पाण्यांत हा भेक अंडीं घालतो. आपल्या अंगणांतील साधा भेक हजारोंनीं अंडीं घालतो. याचीं अंडीं त्या मानानें फारच थोडीं. पाऊस मध्येंच उघडला कीं खळगा आटण्याचें भय. त्यांतच सड्याचा दगड काढला गेला, अथवा पावसाळी सहलीच्या मोटारींखालीं हे जीव सांपडले, म्हणजे ही हानि भरून निघणें कठीण. आंतरराष्ट्रीय यादींत ही जात अतिशय संकटांत असलेली म्हणून नोंदलेली आहे.

आंबोली दूर, मग याचा आमच्या शिरगांवाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. बदलापूरच्या वाढत्या वस्तीनें आमचीं भातखाचरें कमी केलीं. उरलेल्या शेतांत सुधारणेचा पहिला घाव पडतो तो पोटखराब्यावर. आम्हीं स्वतः बांधालगतचा असाच एक खळगा मुरूम घालून बुजविला. पुढील पावसाळ्यापासून त्या बांधावर बेडकांचा आवाज ऐकूं आला नाहीं. भातावरील तुडतुडे व पतंग खाणारे हे मजूर आम्हींच घालविले, हें तेव्हां समजलें नाहीं. बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार सरकारनें 1987 सालीं बंद केला, त्यामागें किडीचा हा शत्रु नाहींसा होण्याची काळजीही होती.

म्हणून आमची विनंति अशी कीं, मृगाचा पाऊस पडल्यावर एका रात्रीं विजेरी घेऊन आपल्या शेतांतील खळग्यापाशीं जावें, तेथें काय राहतें तें डोळ्यांनीं पाहावें, आणि मगच तो राखावयाचा कीं बुजवावयाचा याचा विचार करावा. पोटखराब्यावर सारा आकारीत नाहींत. परंतु तेवढ्यावरून ती जागा निरुपयोगी ठरत नाहीं.