पचमढीचा मुक्काम : गिरिभ्रमणास निघणाऱ्या दांपत्यांसाठी

विजय नगर ही वसाहत इंदूर शहराच्या देवास-भोपाळकडील बाजूस आहे. येथील मराठी कुटुंबांतील पतिपत्नींच्या मनात चार दिवस डोंगर पायी हिंडावयाचे आले, की बहुधा पहिले नाव निघते ते पचमढीचे. सातपुड्यातील हे गिरिस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर आहे. जवळचे धूपगड हे १,३५२ मीटरचे शिखर मध्य प्रदेशात सर्वांत उंच होय. परंतु सर्वसाधारण प्रथा अशी की, छायाचित्र व भाडे पाहून आधी खोली राखून ठेवावयाची आणि कोठे चालावयाचे ते तेथे पोहोचल्यावर ठरवावयाचे. हा क्रम उलटा करणे इष्ट होय. वाटा आधी निश्चित झाल्या म्हणजे मुक्कामाचे ठिकाण जवळजवळ आपोआपच ठरते.

पचमढीचे स्वरूप ध्यानी घेतल्यास याचे कारण कळेल. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या पठारावर आला. पुढे नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्कामास येऊ लागले. त्या काळात बांधलेले प्रशस्त बंगले झाडीत एकमेकांपासून दूर विखुरले आहेत. बाजार व बसस्थानक यांभोवतीची दाट वस्ती मात्र अगदी वेगळी आहे. त्यामुळे पचमढीत राहिलो एवढे सांगून भागत नाही. कोणत्या पचमढीत राहिलो, हे महत्त्वाचे.

वाहन न आणता बसने येणाऱ्या दांपत्याने बाजाराजवळच उतरावे. जटाशंकराची गुहा तेथून पायी गाठता येते, भोजनालये जवळ असतात आणि सायंकाळी परतताना काळोख्या रस्त्याची चिंता राहत नाही. निवांतपणा हवा असेल व स्वतःची मोटार असेल, तर मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाने जुन्या बंगल्यांत चालविलेली निवासस्थाने पाहावीत. रॉक-एंड मॅनर, ग्लेन व्ह्यू, तलावाजवळील चंपक बंगलो ही त्यांपैकी काही. व्हरांड्यात बसून चहा घेण्याचे सुख येथे मोठे आहे. मात्र रात्री साधी काडेपेटी हवी झाली तरी बाजार गाठावा लागतो.

चालण्याच्या वाटांत खरी कसोटी चौरागडाची. महादेवाच्या गुहेपासून पुढची वाट पायीच आहे व तीत सुमारे १,३०० पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो हे सर्वांस ठाऊक असते. गुडघे बोलू लागतात ते उतरताना. जोडप्यातील एकजण नेहमी चालणारा व दुसरा क्वचित चालणारा असेल, तर बेत दुसऱ्याच्या पायांनी आखावा. चौरागड पहिल्या दिवशी न ठेवता, पठारावर एक-दोन दिवस हिंडून पाय मोकळे झाल्यावर ठेवावा व त्या रात्रीचा मुक्काम बदलू नये. थकलेल्या शरीराने सामान बांधून नव्या खोलीत जाणे यात सुट्टीचा निम्मा आनंद जातो. तीन रात्री तीन ठिकाणी काढण्याची हौस पुष्कळांना असते, पण पचमढीसारख्या आटोपशीर पठारावर तिचे प्रयोजन दिसत नाही.

अरण्यात स्वतःचा तंबू ठोकून राहण्याचा विचार कोणी करीत असल्यास तो सोडून द्यावा. भोवतालचे जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे आहे. तेथे वन विभागाच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, आणि ज्या स्थळांसाठी परवाना व मार्गदर्शक लागतो त्यांची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

मुक्कामाची तारीख ठरविताना महाशिवरात्र व नागपंचमी यांकडे पंचांग उघडून पाहावे. शिवरात्रीस त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढणारे, व श्रावणातील नागद्वारीच्या यात्रेस येणारे भाविक विदर्भातून फार मोठ्या संख्येने येतात. ज्यांना यात्रा पाहावयाची असेल त्यांनी त्याच वेळी अवश्य जावे, मात्र खोली फार आधी राखावी. ज्यांना एकांत हवा त्यांनी ते दिवस टाळावेत. पावसाळ्यात धबधबे भरून वाहतात, तथापि पायऱ्या निसरड्या होतात. पौष-माघात रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा पांघरुणे किती मिळतील हे विचारण्यात संकोच नसावा.

खोली राखताना आणखी काही गोष्टी विचाराव्यात. गरम पाणी पहाटे मिळते काय, सूर्योदयापूर्वी निघणाऱ्यास चहा व बांधून शिदोरी मिळेल काय, बेत रद्द झाल्यास भरलेल्या रकमेतून किती परत मिळेल. ओळखपत्र दोघांचेही स्वतंत्र असावे. विवाहानंतर पत्नीने नाव बदलले नसल्यास नोंदवहीत ओळखपत्रावरील नावच लिहावे.

प्रवासाचाही मुक्कामाशी संबंध आहे. पचमढीचे रेल्वेस्थानक पिपरिया हे असून तेथून वर जाण्यास सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे. इंदूर-जबलपूर ओव्हरनाईट एक्सप्रेस पिपरियास थांबते, परंतु तेव्हा उजाडलेले नसते. बहुतेक निवासस्थानी खोली दुपारी मिळते. सबब लवकर प्रवेश मिळेल काय, ते निघण्यापूर्वीच विचारावे, अन्यथा पहिली सकाळ सामानाजवळ बसून जाते.

ज्यांना पचमढीची गर्दी नको, त्यांच्यासाठी अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आहे. इंदूरहून खंडवा, धारणी व सेमाडोह या मार्गे तेथे जाता येते. वाट मेळघाटच्या अरण्यातून जात असल्याने दिवसाउजेडीच प्रवास पुरा होईल असे निघावे. जनरल वेलस्लीने १८०३ च्या डिसेंबरात जिंकलेला गाविलगड गावालगतच आहे. चिखलदऱ्यातच मुक्काम ठेवल्यास सकाळी गड पायी फिरून दुपारच्या जेवणास खोलीवर परतता येते.