शेजारच्या बाकावरचा शेरा

"पोरांनीच एकमेकांच्या वह्या तपासायच्या, तर सर काय करणार?" सोलापूरच्या नवी पेठेत जूनमध्ये वह्या घ्यायला आलेल्या कुठल्याही पालकाजवळ सोबत्यांच्या अभिप्रायाचा विषय काढा, पहिला प्रश्न हाच येईल. काळजी रास्त आहे. पण तपासणं आणि अभिप्राय देणं ही दोन वेगळी कामं आहेत. गुण देणं, मूल कुठवर पोचलं हे ठरवणं शिक्षकाचंच काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहतं. सोबत्यानं एवढंच सांगायचं, की वाचताना मला काय कळलं आणि कुठं अडलं.

समजा, सहावीच्या वर्गात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवर निबंध आहे. मुलानं लिहिलंय: 'आम्ही बाराबंदी घालून नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली. खूप गर्दी होती. खूप मजा आली.' शेजाऱ्यानं पेन्सिलनं 'छान' लिहिलं किंवा नुसती बरोबरची खूण केली, तर लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तेच 'मिरवणूक तू कुठं उभं राहून पाहिलीस? नंदीध्वज केवढा उंच होता? बाराबंदी म्हणजे काय, मला माहीत नाही' असं लिहिलं, तर पुढं काय लिहायचं ते त्याला आपसूक कळतं. सोलापुरात एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं असतात. एकाला जे सांगायचीही गरज वाटत नाही, ते दुसऱ्यानं कधी ऐकलेलंही नसतं. असा वाचक शेजारच्याच बाकावर मिळणं हे या शहरातल्या वर्गांचं मोठं भांडवल आहे, आणि ते फार कमी वापरलं जातं याची मला खंत वाटते.

हे नवं परदेशी खूळ आहे, असंही म्हणतात. पण शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्यानुसार महाराष्ट्रानं 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये 'इतर' या सदरात सहाध्यायी मूल्यमापन तेव्हापासून आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन धरलं आहे. कागदावर सगळं आहे. 'इतर'मध्ये टाकलेली गोष्ट वर्गात उतरायला मात्र वेळ लागतो.

मुलं एकमेकांना चुकीचं शिकवतील ही भीती पूर्ण खोटी नाही. न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रॅहम नथॉल यांनी मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून वर्गातलं बोलणं टिपलं. मुलांना मिळणारे बहुतेक अभिप्राय सोबत्यांकडूनच येतात आणि त्यातले बरेच चुकीचे असतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण परवानगी दिली नाही तरी मुलं एकमेकांना सांगतच असतात. ते नीट कसं सांगायचं हे शिकवणं, एवढंच शाळेच्या हातात आहे. कशाकडे बघायचं ते आधी स्पष्ट केलं तर फरक पडतो. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी 2000 साली 48 अभ्यास एकत्र तपासले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सोबत्यांना दिलेले गुण आणि प्राध्यापकांचे गुण यांचा सरासरी सहसंबंध 0.69 निघाला. निकष स्पष्ट असले की मेळ अधिक बसत होता. शाळकरी मुलांना हा आकडा जसाच्या तसा लावू नये, आणि त्यांना तर गुण द्यायचेच नाहीत.

सर्वांत पक्का गैरसमज हुशार मुलांच्या पालकांचा असतो: दुसऱ्याची वही वाचण्यात आमच्या मुलीचा वेळ जातो, फायदा कच्च्या मुलाचा. पण लुंडस्ट्रॉम आणि बेकर या संशोधकांनी 2009 साली, इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटानं फक्त अभिप्राय द्यायचा सराव केला, दुसऱ्यानं फक्त मिळालेला अभिप्राय वापरायचा. सत्राअखेर देणाऱ्यांचं स्वतःचं लेखन जास्त सुधारलं होतं. देणाऱ्यांमध्येही खालच्या पातळीवरच्यांची प्रगती अधिक होती. दुसऱ्याच्या लेखनातली फट दिसायला लागली की आपल्याही वहीतली दिसते. त्यामुळं हुशार मुलांनीच सांगायचं आणि कच्च्यांनी ऐकायचं, ही वाटणीच चुकीची. कच्च्या मुलाच्या हातात वही आधी द्यायला हवी.

आता गुणांबद्दल. संशोधक रूथ बटलर यांनी 1988 साली इस्रायलमधल्या शाळांत पाहिलं, की नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुण दिले तर तो परिणाम राहिला नाही. म्हणून सोबत्याच्या शेऱ्याखाली दहापैकी किती हे लिहूच देऊ नये.

सुरुवातीला बाईंनी किंवा सरांनी फळ्यावर एक निबंध घेऊन सगळ्या वर्गासमोर अभिप्राय देऊन दाखवावा: एक आवडलेली जागा, एक प्रश्न, बस्स. मग जोड्या. त्यानंतर मात्र लगेच पुढचा निबंध देऊ नये. तोच निबंध, मिळालेला प्रश्न समोर ठेवून, पुन्हा लिहायला एक पूर्ण तास द्यावा. वर्षभरात दोन-तीन निबंध कमी झाले तरी चालतील.