हजेरीपत्रक ते संगणक – लेखांक ५ : खास दर हटवताना

मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकप्रणालीत बिगारी, गवंडी, सुतार, फिटर (म्हणजे सळया बांधणारा कारागीर) अशा प्रत्येक कामाचा एक सर्वसाधारण दर कंपनीच्या पातळीवर नोंदवलेला असतो आणि एखाद्या प्रकल्पापुरता त्याऐवजी वेगळा दर भरण्याची सोय असते, हे मागील लेखांकात पाहिले. या दुसऱ्या दराला येथे ‘खास दर’ म्हटले आहे. तो भरण्याची कृती बहुतेक वापरपुस्तिकांत सविस्तर सांगितलेली असते. तो हटवण्याची कृती मात्र ‘ओळ निवडा आणि हटवा’ एवढ्यावर उरकली जाते. प्रत्यक्षात अधिक शब्दांची गरज दुसऱ्या कृतीलाच असते.

खास दर का निर्माण होतो, हे गिरगावातील एखाद्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासावरून स्पष्ट होते. (उपकरप्राप्त म्हणजे, जिच्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकरिता उपकर वसूल केला जातो अशी शहर विभागातील जुनी भाडेकरूंची इमारत.) वाडीच्या तोंडाशी अवजड वाहन अडते, दिवसा अशा वाहनांवर निर्बंध असतात, त्यामुळे काँक्रीट रात्री ओतावे लागते, वाळू आणि विटा आत डोक्यावरून न्याव्या लागतात, आणि एवढ्या त्रासासाठी मुकादम वाढीव रोज मागून घेतो. हा वाढीव रोज प्रणालीत खास दर म्हणून बसतो. पुढे पाया संपतो, रात्रीचे काम थांबते, दर मात्र तेथेच राहतो, कारण तो काढून टाकण्याची जबाबदारी कोणाकडेच नसते.

खास दर हटवला की मजुरी घटते, असा साधारण समज आहे. तो नेहमीच खरा ठरत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. त्यांपैकी विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असून १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांना बदलतो. कंपनीचा सर्वसाधारण दर या बदलांबरोबर सुधारला जातो. खास दर हा एकदा हाताने भरलेला आकडा असल्यामुळे जागचा हलत नाही. उदाहरणापुरते समजू की, गवंड्याचा सर्वसाधारण दर ९०० रुपये असताना प्रकल्पासाठी १,००० रुपयांचा खास दर भरला गेला, आणि काही सहामाह्यांनंतर सर्वसाधारण दर १,०४० रुपयांवर पोहोचला. आता वाढीव म्हणून दिलेला दरच गवंड्याला रोज ४० रुपयांनी मागे ठेवतो आणि अतिकालाची मजुरी दुप्पट दराने मोजली जात असल्याने तेथे ही तूट आणखी रुंदावते. येथे दर हटवणे म्हणजे मजुरी वाढवणे होय.

म्हणूनच हटवलेल्या दराच्या जागी कोणता दर येणार, हे पुस्तिकेने आकड्यानिशी दाखवले पाहिजे. परळ–लालबागच्या गिरणगावाला हा प्रश्न जुनाच आहे. एकाच कामाला गिरणीगणिक वेगळी मजुरी मिळे. १९२८ च्या प्रदीर्घ संपात मजुरीच्या प्रमाणीकरणाची, म्हणजे सर्व गिरण्यांना समान दर लावण्याची, योजना वादाच्या केंद्रस्थानी होती, कारण मालकांच्या मांडणीत विणकरांच्या मजुरीला कात्री लागत होती. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने या योजनेची तपासणी केली आणि प्रमाणित वेतन प्रत्यक्षात आले ते १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने. वेगळे दर मोडण्याला तत्त्वतः फारसा विरोध नव्हता; भांडण होते ते त्यांच्या जागी येणाऱ्या आकड्याचे.

दुसरा प्रश्न मागील नोंदींचा. काही प्रणालींत हजेरीच्या नोंदीत दराचा आकडा न साठवता दराच्या तक्त्याकडे बोट दाखवणारा केवळ दुवा ठेवलेला असतो. अशा रचनेत खास दर पुसला की गेल्या वर्षीचे हजेरीपत्रक उघडताच जुनी मजुरी नव्या दराने मोजली जाते, आणि दिलेली रक्कम व दिसणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही. ही रचना सदोषच म्हणावी लागेल. निर्दोष रचनेत हजेरी मंजूर होतानाच त्या दिवसाचा दर नोंदीत उतरवला जातो, आणि ‘हटवणे’ या कृतीने दराची ओळ नष्ट न होता तिला समाप्तीची तारीख लागते. कायद्याची अपेक्षाही याच दिशेची आहे. वेतन संहिता, २०१९ नुसार वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, तेव्हा किमान तेवढा काळ तरी जुना दर शोधता आला पाहिजे. शिवाय हिशेबाच्या वह्या संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते.

तारखेचा मुद्दा येथे खर्चीमुळे गुंतागुंतीचा होतो. खर्ची म्हणजे महिन्याच्या हिशेबातून वळती करण्याच्या बोलीवर मजुराला आठवड्याला दिली जाणारी रक्कम. महिन्याच्या मध्यात दर बदलल्यास दिलेली खर्ची जुन्या दराच्या अंदाजाने आणि शिल्लक नव्या दराने निघते, आणि त्यातून होणारी कुरबूर मुकादमाला ऐकून घ्यावी लागते. त्यामुळे नवा दर महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच लागू करण्याची शिफारस पुस्तिकेत असणे योग्य ठरते. अपवाद एकच: सर्वसाधारण दर खास दराच्या पुढे गेलेला असेल, तर थांबण्याचे कारण उरत नाही, आणि खास दर किमान वेतनाच्याही खाली गेला असेल, तर मागील फरकाची रक्कम काढण्याची कृती त्याच पानावर दिलेली असावी.

राहिला पुष्टीचा संदेश. ‘आपली खात्री आहे का?’ या प्रश्नातून हिशेबनिसाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘गवंडी, गिरगाव प्रकल्प : १,००० रुपयांचा खास दर ३१ तारखेला संपेल, १ तारखेपासून १,०४० रुपये लागू होतील, मंजूर झालेल्या हजेऱ्या बदलणार नाहीत’ असे पडद्यावर उमटले, तर पुस्तिका उघडण्याची वेळही क्वचितच येईल.