सपाट रस्त्याचा चकवा

लेखमाला : बेचाळीस किलोमीटर (भाग ७)

डिसेंबर लागला की बंगळुरूच्या पळणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : यंदा मुंबई की दिल्ली? विचारणाऱ्याच्या डोक्यात फुल मॅरेथॉन असते आणि घड्याळातला एखादा हट्टाचा आकडा. चार तासांच्या आत, नाहीतर साडेतीनच्या आत. घरच्या रस्त्यांवर तो गाठणं कठीण. शहराची स्वतःची फुल मॅरेथॉन अलीकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते, २००८ पासून चालत आलेली दहा किलोमीटरची जागतिक शर्यत एप्रिल-मेच्या उन्हात. आणि सपाटी म्हणाल तर ती या शहराच्या नशिबातच नाही.

यशवंतपुरात राहणाऱ्याला हे पायांनीच कळतं. पहाटे पाचच्या आत घराबाहेर पडलं तर बाजार समितीकडे कांद्याचे ट्रक लागलेले असतात, महाराष्ट्राच्या नंबरप्लेटी त्यांत सहज दिसतात. त्या गडबडीतून निसटून मल्लेश्वरम गाठायचं, पुढे सँकी तलाव, मग सदाशिवनगरचा चढ आणि मेखरी सर्कल. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच पठारावर वसलंय खरं, पण तलाव खोलगटात आणि वस्ती उंचवट्यावर अशी गावाची ठेवण आहे. दहा किलोमीटरांत दोन-चारदा चढ लागला नाही, तर आपण वाट चुकलो असं खुशाल समजावं.

म्हणून मग जानेवारीत मुंबई किंवा फेब्रुवारीत दिल्ली. रस्ता सपाट, हवा थंड, म्हणजे वेळ आपोआप येणार, असा एकूण हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे.

इथिओपियाचा हायले लेमी या बाबतीत उत्तम साक्षीदार ठरेल. जानेवारी २०१६ मध्ये दुबईच्या सरळसोट रस्त्यावर त्याने २ तास ४ मिनिटं ३३ सेकंदांची वेळ दिली. तीन महिन्यांनी तो बोस्टनची मॅरेथॉन चक्क जिंकला, पण २:१२:४५ मध्ये. माणूस तोच, वर्ष तेच, फरक आठ मिनिटांचा. बोस्टनला टेकाडं आहेत, त्या दिवशी ऊन होतं, आणि तिथे वेग धरून देणारे पेसर नेमलेले नसतात, त्यामुळे पुढची मंडळी घड्याळाऐवजी एकमेकांवर नजर ठेवून पळतात. पुढे २०२३ मध्ये हाच लेमी मुंबईत २:०७:३२ मध्ये पहिला आला आणि तो मुंबईच्या मार्गावरचा विक्रम ठरला. मुंबईही समुद्राकाठी, महिनाही जानेवारीच. पण दुबईला पेडर रोडचा चढ नाही.

मार्ग ‘वेगवान’ कशाने होतो, याची उत्तरं अशी एकात एक गुंतलेली असतात. चढ-उतार हे त्यातलं एक. वळणं किती, वारा कुठून, सोबतीला पळणारे किती, सुरुवात किती वाजता, हेही तितकंच महत्त्वाचं. केवळ उतारावर भिस्त ठेवून विक्रम करता येत नाही, कारण जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तशी सोयच ठेवलेली नाही. सुरुवातीपेक्षा शेवट फार तर किलोमीटरमागे एक मीटर, म्हणजे मॅरेथॉनसाठी सुमारे ४२ मीटर, खाली असला तर चालतो. शिवाय सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे सगळा रस्ता पाठीवर वारा घेऊन कापता येऊ नये. केनियाच्या जेफ्री मुताईने २०११ मध्ये बोस्टनला २:०३:०२ वेळ दिली, तोवर तेवढ्या वेगाने कुणीच पळालं नव्हतं. पण बोस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नाही, त्यामुळे विश्वविक्रमाच्या यादीत ती वेळ गेली नाही.

मोजणीचाही एक गमतीचा भाग आहे. मार्ग मोजणारा माणूस सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणीयंत्र लावतो आणि प्रत्येक वळण आतल्या कडेने कापत जातो. मोजतात ती पळणाऱ्याला शक्य असलेली सगळ्यात जवळची वाट. वर अंतर चुकून कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे तिरकं धावत पळणाऱ्याचं अंतर त्यामुळे नेहमी जास्तच भरतं. शर्यत संपल्यावर मनगटावरचं घड्याळ ४२.५ किलोमीटर दाखवतं आणि लोक आयोजकांच्या नावाने बोटं मोडतात. आयोजकांचा दोष नसतो. चार तासांच्या वेगाने पळणाऱ्याला हे वरचे तीनशे मीटर जवळपास पावणेदोन मिनिटांना पडतात. सदाशिवनगरच्या चढावर गाळलेला घाम वळणावर वाया जातो, तो असा.

आता सपाटीचं बघू. चढावर वेग आपोआप कमी होतो, पावलं आखूड पडतात, उतारावर श्वास सावरायला अवसर मिळतो. मांडीचे, पोटरीचे, पार्श्वभागाचे स्नायू आळीपाळीने भार उचलतात. सपाट रस्त्यावर ही आळीपाळी संपते. त्याच लांबीचं पाऊल, तोच कोन, तेच स्नायू, हजारो वेळा. टेकडीवर सराव केलेला माणूस पंचविसाव्या किलोमीटरला ‘चढ नाही तरी पाय का भरले?’ म्हणून चक्रावतो, त्याचं बरंचसं कारण हे.

दुसरा धोका घड्याळातला. चार तासांत मॅरेथॉन संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद हवीत. जानेवारीची पहाट, ताजे पाय, बाजूला ढोल-ताशे. अशा वेळी ५:२० चा वेग रमतगमत चालल्यासारखा वाटतो. दहा किलोमीटरला साडेतीन मिनिटं हाताशी असतात आणि माणूस खूश असतो. मात्र वेग वाढला की शरीर चरबीपेक्षा साखर जास्त जाळतं, आणि स्नायू व यकृतात साठवलेली साखर दोन हजार कॅलरींच्या आसपासच असते. साठ किलो वजनाच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरांसाठी लागतात सुमारे अडीच हजार. उरलेली भरपाई चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या जेल-खजुरातून व्हायची असते. पहिल्या तासात उधळपट्टी केली की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पळणाऱ्यांच्या भाषेतली ती ‘वॉल’ समोर येते. चढाचा रस्ता निदान सुरुवातीला दम देऊन सावध करतो. सपाट रस्ता तिथपर्यंत एक शब्द बोलत नाही.

अव्वल दर्जाचे खेळाडूही यातून सुटत नाहीत. २०२२ मध्ये बर्लिनच्या सपाट मार्गावर एलियुड किपचोगेने २:०१:०९ चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ५९:५१ मध्ये आणि दुसरा ६१:१८ मध्ये झाला. पुढच्या वर्षी शिकागोच्या तितक्याच सपाट मार्गावर केल्विन किप्टमने पहिला अर्धा ६०:४८ मध्ये पळून दुसरा ५९:४७ मध्ये उरकला आणि विक्रम २:००:३५ वर आणला. एका तुलनेवरून नियम काढू नये, पण हौशी पळणाऱ्याने नक्कल करायचीच तर किप्टमची करावी.

राहिली थंडी. या लेखकाच्या मते हिवाळी मॅरेथॉनचा खरा नफा सपाटीत नाही, हवेत आहे. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं, म्हणजे स्नायूंच्या वाट्याचं कमी होतं, आणि हृदयाचे ठोके वाढतात. मॅरेथॉनला साधारण ५ ते १२ अंश तापमान सगळ्यात मानवतं. मुंबईत जानेवारीतही पहाट इतकी गार क्वचितच असते, वर समुद्राचा दमटपणा. दिल्लीत फेब्रुवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास मिळतो.

नाशिकच्या दोघींचे आकडे पाहावेत. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये बंगळुरूच्याच दहा किलोमीटरच्या शर्यतीत ३४:३२ चा राष्ट्रीय विक्रम केला होता. मॅरेथॉनकडे वळल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने २:३८:३८ मध्ये सुवर्णपदक मिळवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला सकाळी साडेनऊला, उन्हात सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्ये तिला २:५९:२९ लागले. मोनिका आथरेने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीला २:३९:०८ वेळ देऊन जागतिक स्पर्धेचं दार उघडलं, ऑगस्टमध्ये लंडनला ती २:४९:५४ मध्ये पोचली. हा सगळा फरक हवामानाच्या माथी मारता येणार नाही. तयारी, दडपण, प्रवास हेही आलंच. तरी दोघींच्याही बाबतीत फेब्रुवारीने दिलेलं ऑगस्टने काढून घेतलं.

आणि मग शिवनाथ सिंग. चाळीसहून अधिक वर्षं टिकलेला २:१२:०० चा भारतीय विक्रम त्याने १९७८ मध्ये जालंधरला केला. महिना कोणता? मे. तेही अनवाणी पळणारा गडी. वरची सगळी आकडेमोड अशा माणसाला लागू पडत नाही, एवढीच नोंद करून पुढे जावं.

दिल्लीच्या थंडीची किंमत मात्र फुप्फुसं मोजतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथली हाफ मॅरेथॉन पुढे ढकलावी, म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशनने उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. शर्यत झाली, अनेकजण तोंडावर मास्क बांधून पळाले. फेब्रुवारीपर्यंत हवा काहीशी निवळते, तरी दम्याचा त्रास असलेल्यांनी वेळेच्या मोहात पडण्याआधी डॉक्टरांना विचारावं. थंडीची दुसरी खोड म्हणजे तहान लागत नाही. घाम वाळून जातो आणि टेबलं मागे पडत राहतात. तहानेची वाट न पाहता, ठरवलेल्या अंतरावर दोन घोट घ्यावेत. सुरुवातीच्या रेषेवर तासभर उभं राहावं लागतं, तेव्हा टाकून द्यायचा एखादा जुना स्वेटर अंगावर असू द्यावा.

बंगळुरूकरांची एक जमेची बाजू अशी की त्यांच्या शहरातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी आहे. एवढ्या उंचीने रक्त बदलून जात नाही, त्यामुळे ‘डोंगरावरून समुद्राकाठी’ जाण्याच्या फायद्याच्या गोष्टी जपूनच ऐकाव्यात. चढांनी मिळणारी ताकद मात्र खरी. ती जपून तिच्यात सपाटीची सवय मिळवावी लागते. आठवड्यात एकदा तरी ठरलेल्या वेगाने, न थांबता, चढ टाळून दहा-पंधरा किलोमीटर. ज्यांना जमेल त्यांनी श्रीरंगपट्टणजवळ जावं. तिथे कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर कावेरी ट्रेल मॅरेथॉन होते आणि वाट जवळजवळ पूर्ण सपाट आहे. मुंबईला जाणाऱ्यांनी मात्र सदाशिवनगरचा चढ सोडू नये. पेडर रोड परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पुन्हा भेटतो.

पुढच्या भागात शर्यतीआधीचे शेवटचे तीन आठवडे : पळणं किती कमी करायचं, आणि ताटात भात किती वाढवायचा.